ताईने काढलेलं जंगल

कल्पनेतल्या सफरींचे खेळ खेळणाऱ्यांसाठी ताई हाताने नकाशे काढायची आणि त्यांच्या प्रती हौसेने सगळ्यांना वाटायची. वनखात्यातला तिचा धाकटा भाऊ त्यातला एक नकाशा कौतुकाने खिशात बाळगायचा.

तोच भाऊ जंगलात बेपत्ता झाला. दोन दिवस ताईच्या घशाखाली घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"ताई, सुखरूप आहे गं मी. चौकीवर पोचलोय."

"मेल्या, जीव घेतला असतास माझा!" म्हणत ताई हसली, रडली.

"तुझ्या नकाशाने तारलं. खात्याच्या नकाशात तिथला ओढाही नाही, खिंडही नाही. तुझ्या नकाशात सगळं जिथल्या तिथे."

"अरे, ते मी मनाने काढलंय!"

"असेल. पण ओढ्याकाठच्या झोपडीतून एका बाईने पुढची वाट सांगितली. भिंतीआडूनच बोलत होती. म्हणाली, 'ताईला सांग, दार काढायचं राहिलंय.'"

ताईने मूळ नकाशा पुढ्यात ओढला. झोपडीला खरंच दार नव्हतं. तिने पेन उचललं आणि भावाला वाट दाखवणाऱ्या त्या बाईसाठी जपून एक दार काढलं.

"हुश्श," कागदातून आवाज आला.