निघून जाण्याचं कारण

‘सदर इसम पत्नीशी भांडण करून रागाच्या भरात घरातून निघून गेला आहे,’ जमादार महादेवप्पांनी लिहिलेलं वाचून दाखवलं आणि कागद सहीसाठी देविदासपुढे सरकवला. कागदावर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं होतं. त्यावर निळी काट मारून वर हाताने ‘लातूर’ लिहिलं होतं. जिल्हा नवा झाला होता, कागद संपायचे होते.

बाहेर चौकीच्या ओट्यावर बसवून ठेवलेल्या चांगुणाने ते ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हरवला तिचा नवरा, ग्यानोबा. आज तिसरा दिवस. आणि तो का गेला ते सांगणार धाकटा दीर देविदास, तेही तिला बाहेर बसवून. ती उठली आणि सरळ आत गेली.

आत देविदासच्या शेजारी लिंबाजी बसले होते. देविदासच्या बहिणीची, रुक्मिणची सोयरीक त्यांच्या मुलाशी ठरली होती. त्यांचं गाव शिवेपलीकडे, लोह्याकडचं, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. माणूस भला, घरची जीप. पाव्हण्यांचा माणूस हरवलाय म्हटल्यावर कालपासून ते देविदासला घेऊन नातेवाइकांची गावं पालथी घालत होते. त्यांच्यासमोर देविदास दुसरं कारण सांगणार तरी कसं? मुलगी बघायला ते आले तेव्हा थोरला भाऊ कामावर गेलाय असं सांगून ग्यानोबाला शेतातल्या गुरांच्या कोठ्यात बसवून ठेवलं होतं. फळीवरच्या लातूरच्या डॉक्टरच्या गोळ्या त्या दिवशी उचलल्या, त्या परत ठेवल्याच नाहीत. लग्न होईपर्यंत कुणाच्या नजरेला पडायला नकोत, असं सासू म्हणाली.

‘असं लिहू नका साहेब,’ चांगुणा म्हणाली.

जमादारांनी विचारलं, का, भांडण झालं नव्हतं? सगळं गाव तर सांगतंय.

‘झालं की. पाण्यावरनं झालं.’

देविदासने हसल्यासारखं केलं. दुष्काळात पाण्यावरून घरोघरी भांडणं होतात, आणि वहिनींचा स्वभाव जरा तापट आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, असं तो म्हणाला. जमादारांनी मान हलवली. बायकोला कंटाळलेला नवरा पोटाला चिमटा बसला की आठ दिवसांत आपल्या पायांनी घरी येतो, त्याच्यासाठी दुसऱ्या जिल्ह्याला वायरलेस करत नसतात, हे त्यांनी तिला सावकाश समजावून सांगितलं. असं समजावण्यात त्यांची हयात गेली होती.

तापट. होतीच ती तापट. घरातली सगळी तोंडं शिवल्यासारखी गप्प, तेव्हा एकटीने बोलायचं तर आवाज चढणार नाही तर काय होणार? टँकरच्या पाण्यात विष कालवलंय, हे ग्यानोबाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आपल्या विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने पाझरणारं गढूळ पाणी तेवढं तो प्यायचा. मग तेही आटलं. चांगुणाने आधी स्वतः पिऊन दाखवलं, त्याच्या हातापाया पडली, शेवटी चिडून त्याच्या तोंडाला तांब्या लावला. त्या वेळचा आरडाओरडा गावाने ऐकला. देविदास तेव्हा ओसरीवर बसून पत्रिका कुणाकुणाला द्यायच्या ते ठरवत होता, ते मात्र कुणी ऐकलं नाही.

‘भाऊजी, खरं काय ते सांगा,’ ती म्हणाली.

‘वहिनी, तुम्ही बाहेर बसा.’

तिने जमादारांच्या टेबलावर दोन्ही हात टेकले. ‘लिहा साहेब. माझ्या मालकाला डोक्याचा आजार हाय. दोन वरसं झाली. रागानं गेलेला माणूस तहान लागली की कुणाच्याबी दारात पाणी मागतो. ह्ये मागायचे न्हाईत. कुणी दिलं तरी प्यायचे न्हाईत. अन् आज तिसरा दिवस हाय.’

देविदासचा चेहरा उतरला. जुळलेलं लग्न मोडलं, हे त्याला कळलं आणि तिलाही कळलं. रुक्मिण तिची लाडकी नणंद. तिचं वाईट वाटायला हवं होतं. पण या घडीला चांगुणाला फक्त राग येत होता, आणि तो पुरेसा बोलून झाला नव्हता.

आता लिंबाजी उठून चालते होणार, असं सगळ्यांनाच वाटलं. ते उठले नाहीत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि चांगुणाला विचारलं, ‘अंगावर काय होतं त्यांच्या?’

धोतर, बंडी, आणि उन्हाचं म्हणून डोक्याला तिच्याच हिरव्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला, असं तिने सांगितलं.

लिंबाजी जमिनीकडे बघत बोलले. ‘परवा आमच्या गावात टँकर आला. चार दिसांनी आला. बाया घागरी भरून राहिल्या, तर एक माणूस आला कुठून तरी, अन् भरल्या घागरी लाथेनं पाडून राहिला. इख हाय, पिऊ नका म्हणला. पोरांनी लई मारलं त्याला. मी सोता काठी घेऊन माळावर हाकललं.’

‘कुठल्या अंगाला?’ चांगुणाने विचारलं.

‘उगवतीला. तिकडं न वस्ती, न पाणी.’

जमादारांनी न सांगता फोन ओढून घेतला. मग हे कालच का नाही सांगितलं, असं देविदासने विचारलं. आवाजात चक्क तक्रार होती.

लिंबाजींनी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

‘तुम्ही मला काय सांगितलं होतं? कालपासून मी तुमच्यासंगं शहाणा माणूस हुडकून राहिलो.’