मूळ प्रत

"बटण दाबल्यापासून हा माझ्यावर खेकसतो रे," तुळसाबाई म्हणाल्या.

अरविंद कुडतरकर हसला. एकट्या म्हाताऱ्यांच्या सोबतीला दिलेल्या चारशे बोलक्या संगणकांत 'पहिल्यासारखा करा' हे बटण त्यानेच बसवलं होतं. "विचारा बघू त्याला काहीतरी."

"पाऊस येईल का रे?"

"किती वेळा तेच तेच? सांगितलं ना एकदा! गप बस की जरा," संगणक म्हणाला.

अरविंदचे कान तापले. बटण दाबलं की सगळे संगणक एकाच मूळ प्रतीवर परत येत. ती प्रत ज्या यंत्रावरून काढत, त्याला घरातलं बोलणं ऐकून बोलायला शिकता यावं म्हणून आठ दिवस कुणाच्या तरी घरी ठेवावं लागे. ऑफिसात कुणी तयार होईना, म्हणून अरविंदने ते मोठ्या हौसेने आपल्या घरी नेलं होतं. बिघाड कुठेच नव्हता.

"कुठे शिकला असेल मेला असलं बोलायला?"

"कंपनीतूनच तसा आलाय, आजी," अरविंद जमिनीकडे बघत म्हणाला.

नवी प्रत काढायला त्याने त्याच संध्याकाळी दुसरं यंत्र घरी आणलं. आईने तिसऱ्यांदा विचारलं, "चहा घेतलास का रे?"

"हो आई, घेतला. तू घेतलास?"

आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिची नजर टेबलावरच्या यंत्राकडे गेली.

"किती दिवस आहे हे?"

"आठ."

"बरं," आई खुर्ची ओढून बसली. "मग तेवढ्यात सगळं विचारून घेते."