उकिडवं

मोताळ्याचे निवृत्त मास्तर प्रेमानंद गुडघेदुखीने पार जखडले होते. फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्याच नाहीत. रोज शेक घ्यायचा, रोज व्यायाम करायचा आणि उकिडवं अजिबात बसायचं नाही, एवढंच सांगितलं.

तेव्हापासून मास्तर खुर्चीवर बसत आणि त्यांची बायको महामाया त्यांच्या पायाशी उकिडवी. आधी शेकायची पिशवी धरायची, मग त्यांची टाच तळहातावर तोलून दहापर्यंत मोजायचं. चार महिन्यांत तिने एक दिवस चुकवला नाही. मास्तरांचे पाय मोकळे झाले. आता ते सगळा आठवडी बाजार पायी फिरत आणि भेटेल त्याला सांगत, "एकबी गोळी नाई खाल्ली. नुसत्या जिद्दीवर बरा झालो!"

परवा व्यायाम आटोपला आणि महामायाला जमिनीवरून उठताच येईना. खुर्चीचा पाय धरून ती कशीबशी उभी राहिली. मास्तर बाहेर जायला चपला घालत होते. ती भीतभीतच म्हणाली, "अहो, एकडाव मले बी त्या डॉक्टरीणबाईकडे नेता काय? गुडघे लय दुखून राह्यले."

मास्तरांना खरंच नवल वाटलं.


"तुले कायले? तुले कुठं जा लागते?"