बिनलेबलची बाटली

पाहुणे अर्धा तास आधीच आले. थोरला भाऊ तेव्हा बैठकीच्या खोलीत, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, नुसत्या बनियनवर चांदीचे जुने चमचे पुसत बसला होता.

"अरे वा, घासायला माणूस ठेवलाय?" डॉक्टरांनी बूट काढता काढता विचारलं.

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. गुडघ्यावर विरलेली पँट, बोटांना काळा मळ.

"रविवारचे येतात ते," तो म्हणाला.

थोरल्याचा हात थांबला नाही. "घासत नाही, डॉक्टरसाहेब," तो खाली बघूनच बोलला. "घासलं की जुनं तेज जातं. खडूची बारीक पूड, मऊ फडकं, बस. आणि नक्षीतला काळेपणा काढायचा नाही. त्यामुळेच तर ती उठून दिसते."

"माणूस तयारीचा आहे हो तुमचा!" डॉक्टरांसोबत आलेल्या आर्किटेक्ट बाई हसल्या.

धाकट्याने घाईने काचेचं कपाट उघडलं. जाळीचा चमचा, उंच पायांचे पेले आणि अ‍ॅबसिंथ या हिरव्या विदेशी दारूची बाटली बाहेर काढली. "ही घेताना रंग बघायचा," तो समजावू लागला. "जितकी गर्द हिरवी, तितकी अस्सल." चमच्यावर साखरेचा खडा ठेवून त्याने थेंब थेंब गार पाणी सोडलं.

पेल्यात काहीच झालं नाही. पोपटी रंग नुसता पातळ झाला.

"हे दुधाळ व्हायला हवं ना?" डॉक्टर म्हणाले.

धाकटा आणखी पाणी ओतत राहिला. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"चूक माझी झाली, साहेब." थोरला उठून उभा राहिला होता, आणि हे तो धाकट्याला म्हणत होता. "कपाट पुसताना बाटल्यांची अदलाबदल केली मी. ही शोभेची. प्यायची आत आहे."

स्वयंपाकघरातून तो दुसरी बाटली घेऊन आला. लेबल नाही, रंग सुकत आलेल्या पानासारखा. ज्या कारखान्यात त्याने तीस वर्षं अर्क गाळले, तिथल्या जुन्या सोबत्याकडून सकाळीच त्याने ती भावासाठी आणली होती. पाहुण्यांसमोर बरी दिसणार नाही म्हणून धाकट्याने ती फ्रिजमागे सरकवली होती.

पाणी पडलं तसा पेल्यात तळापासून पांढुरका ढग चढत गेला. खोलीभर बडीशेपेचा वास झाला.

"मानलं बुवा तुम्हाला!" डॉक्टरांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. "पारख आहे. आणि त्यांना रागावू नका हं. होतं असं माणसाच्या हातून."

धाकट्याचे कान तापले. 'हा माझा सख्खा भाऊ आहे,' एवढंच तर म्हणायचं होतं. ते घशापर्यंत आलंही. त्याने पेल्यातला घोट घेतला आणि ते घोटाबरोबर खाली गेलं. थोरला परत वर्तमानपत्रावर जाऊन बसला होता. त्याला कुणी पेला दिला नाही. धाकट्यानेही नाही.

निघताना आर्किटेक्ट बाई थोरल्याजवळ थांबल्या. "आमच्या आजेसासूबाईंची चांदी काळी पडून आहे. याल का एकदा?" त्यांनी फोनमध्ये नंबर टिपून घेतला. "आणि नाव? आडनावासकट सांगा."

धाकटा दार उघडून उभा होता. दारावरच्या पितळी पाटीवर त्याचं आडनाव ठसठशीत अक्षरांत होतं. पाटी भिंतीकडे वळेल इतकं त्याने दार आणखी मागे लोटलं.

"आडनाव कशाला?" थोरला फडक्याची घडी घालत म्हणाला. "नुसतं दादा लिहा. घरी तसंच म्हणतात."

"तुम्हीही दादाच म्हणता यांना?" बाईंनी धाकट्याला विचारलं.

"हो," तो म्हणाला.

बाईंनी लिहिलं, 'दादा, चांदी पुसणारे', आणि बरोबर आहे ना ते बघायला स्क्रीन धाकट्यासमोर धरली.