बसायच्या आधी

मंगळवारी सकाळी अकराला सत्यजित पिस्कॅटवे गावातल्या मैदानावर गेला, तेव्हा फर्गस गोलच्या खांबाला जाळी बांधत होता. फर्गस मुलांच्या सॉकर क्लबचा कोच, आणि सत्यजित पालक कमिटीचा अध्यक्ष. फर्गसला काढायचं रविवारी व्हिडिओ कॉलवर ठरलं, आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम अध्यक्षाच्या वाट्याला आलं. सत्यजितच्या मुलीला, अनिकाला, डाव्या पायाने बॉल मारायला याच माणसाने शिकवलं होतं. तरीही त्याला काढायच्या बाजूने हात सत्यजितनेही वर केला होता.

सत्यजितने आधी थंडीची चौकशी केली. मग जाळीची, मग फर्गसच्या गुडघ्याची. वाईट बातमी सांगायची तर आधी पाणी द्यावं, ख्यालीखुशाली विचारावी, ही आपली रीत. ती काही सुटत नाही.

फर्गसने वर न बघताच विचारलं, "कधीपासून?"

"पुढच्या महिन्यापासून. सॉरी, कोच."

"बरं. ते टोक धर."

सत्यजितने टोक धरलं. गाठी मारता मारता फर्गस बोलत राहिला, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसा. सोळाव्या वर्षी तो स्कॉटलंडमधल्या एका क्लबात गेला, अकरा वर्षं खेळला. गुडघा गेल्यावर मॅनेजरने त्याला बोलावलं, बसवलं, चहा पाजला, अर्धा तास आईची तब्येत विचारली आणि मग काढलं. पुढे तो कोच झाला, मॅनेजर झाला. त्याने पोरांना काढलं, आणि क्लबांनी त्यालाही काढलं, खेळाडू असतानाचं धरून तीनदा. आताची ही चौथी वेळ.

"मी दारातच सांगायचो," तो म्हणाला. "बसायच्या आधी. बसवलं की पोरगं आशेला लागतं."

सत्यजितला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हल्ली त्याला कशाचंच काही वाटत नसे.

शेवटची गाठ ओढून बघून फर्गसने पार्किंगकडे मान वळवली. झाडाखाली सत्यजितची राखाडी गाडी होती. मागच्या सीटवर त्याच्या बायकोने, रत्नाने, सकाळी भरून दिलेला डबा.

"तीन आठवडे झाले," फर्गस म्हणाला. "रोज नऊला येऊन गाडीत बसतोस, पाचला जातोस. नोकरी गेली ते बायकोला सांगितलंस?"

सत्यजितने नकारार्थी मान हलवली. उरलेली जाळी खांद्यावर टाकून फर्गस पलीकडच्या गोलकडे चालू लागला, गुडघा जपत.

बाराला रत्नाने दार उघडलं.

"काय रे, आज इतक्या लवकर? मीटिंग कॅन्सल झाली का? ये, बस, पाणी आणते."

सत्यजित दारातच उभा राहिला. बूटही काढले नाहीत.

"पाणी नंतर," तो म्हणाला.