उजवी पुडी

जंगलात सागाचं लाकूड खांद्यावर कोसळलं आणि वारलूचा उजवा हात लुळा पडला. बायको मनकर्णा रोज तेल चोळता चोळता विचारी, "कळते काय जी?" तो म्हणे, "नाई वो."

मार्कंड्याच्या देवळातल्या कीर्तनात तिनंच त्याच्या मृदंगाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावली आणि त्याचा लुळा हात ओंजळीत धरून शेजारी बसली. "एका हातानं वाजव भाऊ," बुवा म्हणाले, "देवाले अर्धा ठेकाही गोड लागते."

अभंग रंगला, तशी उजवी पुडीही बोलू लागली. बोटांनी दाबावं तसं कातडं दबत होतं. ओंजळीतला हात मात्र निपचित होता.

वारलूनं भिऊन डावा हात उचलला. ठेका थांबला नाही. आता डावी पुडीही आपोआप घुमू लागली, आणि डाव्या तळव्याला चिकटलेली ओली कणीक त्याला कळेनाशी झाली.