मेझुझा

स्वतःच्या लग्नासाठी ज्यूंच्या प्रार्थनाघरात, सिनेगॉगमध्ये शिरताना मिल्काने आईवडिलांच्या मागोमाग दारावरच्या मेझुझाला बोटं लावून ती ओठांना टेकवली. त्या डबीत देवाचं नाव लिहिलेलं चर्मपत्र असतं. त्यात आता कोण कुणाचं मूल हे स्पर्शावरून सांगणारं यंत्रही बसवलं होतं. डबी लाल झाली.

"बाप दुसराच दाखवतेय," सिनेगॉगचे प्रमुख, मुकादम, म्हणाले. "पोर अवैध. आपल्या धर्मात अशा पोरीचं लग्न लागत नाही."

आईने पदर तोंडावर ओढला. वडील एलिझर पेणकर उसळले. "बायकोचं मूल ते नवऱ्याचंच, हे आपलं शास्त्र! ही डबी कोण सांगणारी?" त्यांनी ती उचकटून उघडली. आत नुसत्या तारा होत्या.

"चर्मपत्र कुठाय?"

"यंत्राला जागा पुरेना, म्हणून काढलं," मुकादम पुटपुटले.

"देवाचं नाव काढून टाकलंत," एलिझर कडाडले, "आणि अवैध माझी पोर?"